काट्याचं मुसकं

बाभळीचा काटा ओला असताना लावू नये. वाळला की तो वळतो आणि रेडकाच्याच नाकात घुसतो. चांगला वाळलेला, पांढरा, बोटाएवढा काटा घ्यायचा, सुंभाच्या जाळीतनं आतून बाहेर ओवायचा आणि बुडाला सुतळीनं आवळायचा. त्या दुपारी गोठ्याच्या छपरीत बसून मी असे नऊ काटे लावले. एरवी वीस तरी लागतात. पण हे मुसकं लहान होतं.

काटे झाल्यावर जुन्या लुगड्याचा एक मऊ तुकडा फाडला आणि आतल्या बाजूनं शिवून टाकला. आई बाजेवर बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण कानानं सगळं बघायची.

"कापड फाडलंस का गं सुंद्रे?"

"व्हय."

"मुसक्याला कापड कशापायी?"

"टोचू ने म्हनून."

"कुनाला?"

मी सुतळी दातानं तोडली आणि उठले.

हे मुसकं काय असतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. म्हैस परत गाभण राहिली आणि आधीचं रेडकू पिणं सोडत नसलं, तर त्याच्या तोंडाला हे बांधायचं. रेडकाला काही लागत नाही. ते आपलं सवयीनं आईच्या कासेला जातं, काटे टोचतात ते म्हशीला, आणि म्हैसच त्याला लाथ घालते. दोन दिवस, फार तर तीन. मग रेडकू जवळ जायचं नाव काढत नाही. आपण कितीही मारलं तरी रेडकू तुटत नसतं, आईनं मारलं की तुटतं. माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर कुणाला रेडकू तोडायचं असलं की मला बोलावणं यायचं. माझ्या हाताला गुण आहे म्हणायचे. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं, कशाला खोटं बोलू. माझ्याबद्दल चांगलं म्हणावं असं दुसरं काही नव्हतंच.

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते, नवऱ्यानं टाकलेली, माहेरी राहून म्हशींचं करणारी. घरात आई, माझा धाकटा भाऊ दगडू, त्याची बायको शालन आणि त्यांची ठकू. वडील, म्हणजे आबा, जाऊन सात वर्षं झाली होती. शालनला पाचवा महिना लागला होता. आणि ठकू, सव्वातीन वर्षांची घोडी, अजून आईच्या अंगावर पीत होती.

पीत होती म्हणजे काय, चालत यायची, आईचा पदर स्वतःच्या हातानं बाजूला करायची आणि उभ्या उभ्या प्यायची. मध्येच थांबून, तांबड्या कोंबडीनं अंडं घातलंय असं सांगायची आणि परत लागायची. शालनला दुखायचं. पोटुशी बाईची छाती हुळहुळी होते, त्यात पोरीला सगळे दात. ती लागली की शालनच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं, पण तिनं कधी पोरीला 'ऊठ' म्हटलं नाही. चैत्रात ठकूला गोवर निघाला होता. त्यातनं उठली, पण भाकरी तोंडाला लावू देईना आणि म्हशीचं दूध दिलं की ओकायची. पाठीची हाडं मोजून घ्यावी अशी झाली होती.

"वन्सं, एवढं एकच तिच्या पोटात टिकतंय," शालन मला म्हणायची. "ते तोडलं तर पोर जगंल का?"

मी म्हणायची, पोटातल्याचं काय? ती म्हणायची, त्याचं तो बघंल, आत हाय तवर त्याला माझं रगत हाय. जिभेला हाड नव्हतं तिच्या. मी कडुनिंबाचा पाला वाटून दिला. तिनं माझ्यासमोर लावला, ठकूनं फ्रॉकनं पुसला आणि पिऊन मोकळी झाली. मग कोरफड दिली. ती शालननंच धुऊन टाकली. वस्तीवरच्या बायका टाकीवर पाण्याला आल्या की ह्यावरनं हसायच्या.

मला हसू येत नव्हतं. कारण मी पण अशीच साडेतीन वर्षांची होईपर्यंत प्यायले होते. आई पोटुशी होती तरी. आणि सातव्या महिन्यात तिला मेलेला मुलगा झाला. वरचीनं पोटातल्याचं दूध पिऊन टाकलं, असं ठरलं. भावाला प्यालेली पोरगी. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की सुंद्रा हे नाव त्याहून कमी ऐकलं असेल. त्यानंतर तीन वर्षांनी दगडू झाला. हा तरी जगावा, यमाला उचलावासा वाटू नये, म्हणून नाव ठेवलं दगडू. त्याच्या बारशापर्यंत मला बाळंतिणीच्या खोलीत पाय टाकू दिला नव्हता. मी दाराच्या फटीतनं बघायची, तर आतनं कुणीतरी फटीला पोतं लावायचं.

पुढं मला म्हसवडकडं दिली. दोनदा दिवस गेले, दोनदा तिसऱ्या महिन्यात पडलं. ही जुनी गोष्ट तोवर सासूच्या कानावर गेलीच होती. जी पाठच्या भावाला पिते ती पोटच्याला काय सोडणार, असं म्हणून तिनं मला ट्रंकेसकट एसटीत बसवून दिलं. मला तिचा राग आला नाही. मला स्वतःलाच ते खरं वाटायचं. लहानपणी मी रात्री जीभ टाळ्याला लावून बघायची, त्या दुधाची काही चव उरलीय का म्हणून.

आता तुम्हीच सांगा. शालनच्या पोटातल्याला काही झालं असतं, तर लोकांनी शालनला दोन दिवस नावं ठेवली असती आणि ठकूला जन्मभर. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. त्या मुसक्यात माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, देवाशपथ.

शालन जेवून तिथंच छपरीत गोणपाटावर कलंडली होती. कुशीवर, एक हात उशाला. डोळा लागला होता. म्हशी रवंथ करत बसलेल्या. ठकू काडीनं मुंग्यांची रांग मोडत होती. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ठके, रेडकू रेडकू खेळायचं का?"

ती हरखली. माझ्याशी कुणी लहान मूल खेळायला लागलं की मला भीती वाटायची, त्यामुळं मी कधी तिला खेळवलं नव्हतं. तिनं तोंड वर करून धरलं. मी मुसकं चढवलं, नाड्या कानामागनं घेऊन मानेवर बांधल्या. केस अडकू दिले नाहीत. टोचतंय का विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाली. मग रेडकू कुठं जातं असं विचारलं. ती हातापायांवर झाली, घशातल्या घशात ओरडली आणि आईकडं रांगत निघाली.

एवढा जन्म रेडकं तोडण्यात गेला, पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. ठकू नुसती जाऊन लागली असती तर काटे जरासे टोचले असते. पण मी तिला रेडकू केलं होतं. रेडकू पान्हा सोडवायला कासेला ढुशी देतं. तिनं ते रोज बघितलेलं. तिनं मान खाली घातली आणि सगळ्या अंगाचा जोर लावून ढुशी दिली.

शालन ज्या आवाजात ओरडली तो बाईचा आवाज नव्हता. डोळे उघडायच्या आधी तिचा हात फिरला. ठकू उचलून फेकल्यासारखी गेली आणि तिचं कपाळ गव्हाणीच्या दगडावर बसलं. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. चारही म्हशी एकदम उठून उभ्या राहिल्या, दावी ताणली गेली. ठकू रडलीच नाही. तोंडावर मुसकं होतं, त्याच्या जाळीतनं रक्त गळायला लागलं.

मग शालनला दिसलं की पोरीच्या तोंडाला काय बांधलंय. तिनं एकदा स्वतःच्या चोळीकडं बघितलं. चोळी भिजत चालली होती, दोन काटे मोडून तिथंच राहिले होते. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी ठकूकडं धावत होते, नाडी सोडायला. शालन मध्येच आली. माझा बुचडा तिच्या मुठीत गेला आणि माझ्या अंगठ्याखालचं मांस तिच्या दातात. हा वण बघा, अजून आहे. मी हात सोडवायला तिच्या कानशिलात दोन ठेवून दिल्या, तरी सोडेना. तिसरी दिली. दोघी शेणामुतात लोळलो. एक शब्द नाही, नुसते श्वास. ती पोटुशी आहे, हे ज्याच्यासाठी सगळं केलं ते, त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं. मला तिचे दात पाडायचे होते.

आई बाजेवरनं उतरून चाचपडत आली. काय झालं, कोण पडलं, विचारत होती. कुणी सांगेना. तिचा हात ठकूला लागला, मग मुसक्याला. काटे बोटात गेले तरी तिनं हात काढला नाही. गाठ शोधून सोडवली, पोरीला मांडीवर घेतलं आणि पदर कपाळाला दाबून धरला. तेव्हा कुठं ठकूनं टाहो फोडला.

तेवढ्यात लुना वाजली. दगडू दूध घालून आला होता. रिकाम्या किटल्या तशाच टाकून तो आत आला. पोरीच्या तोंडावर रक्त, बायको आणि बहीण शेणात माखलेल्या.

"कुनी केलं?"

शालननं माझ्याकडं बोट केलं. तिला धड बोलता येत नव्हतं. आणि मी म्हणाले, "तुज्या बायकूनं ढकलली पोरीला."

खोटं नव्हतं ते. पण मी तिथंच थांबले नाही. हात ठणकत होता, डोकं फिरलं होतं. मी म्हणाले, "किती दिस सांगतीया, ऐकत न्हाई. तुज्या पोराचं दूध हिला पाजतीया. घालवंल एक दिस त्येला."

दगडू अंगानं किरकोळ, पण राग आबांचा. तो आला की समोर कोण आहे ते दिसायचं नाही. त्यानं मुसकं बघितलं नाही, शालनची चोळी बघितली नाही. तिला केसाला धरून उभी केली आणि थोबाडीत दिली. ती पडली. त्यानं खुंटीवरचं दावं काढलं आणि दुहेरी करून मारायला लागला. शालननं तोंड झाकलं नाही. तोंड उघडं टाकलं आणि दोन्ही हातांनी पोट झाकलं. दाव्याचा पीळ तिच्या गालावर, मानेवर उठत होता आणि हात पोटावरनं हलत नव्हते.

मी बघत होते. बरं झालं असं एक क्षण वाटलं मला. एकच क्षण, पण वाटलं.

"माज्या पोराच्या जिवावर उठलीस व्हय गं," तो म्हणाला, आणि दावं टाकून त्यानं पाय उचलला. पायात टायरची वहाण. पहिली लाथ कमरेवर बसली. शालन गव्हाणीच्या दगडाला जाऊन टेकली, मागं सरायला जागा उरली नाही.

"मार," आई म्हणाली.

मोठ्यानं नाही. ठकूला मांडीवर धरून, दुसरीकडंच तोंड करून. तिला दिसत नव्हतं, पण कुठं काय चाललंय ते तिला बरोबर कळत होतं.

"मार. तुज्या बापानंबी हितंच मारली हुती. ह्याच गव्हानीम्होरं. सातवा लागला हुता मला."

दगडूचा पाय थांबला. "गप ऱ्हा आये. ते आक्कामुळं झालं."

"आक्कामुळं न्हाई," आई म्हणाली. "लाथंमुळं. पोटात तीन डाव फिरला आनि मग गप झाला. मी मोजलंय."

दगडूनं ऐकलं, मला माहीत आहे. तोंडावरनं कळत होतं. पण त्याच्या पायानं ऐकलं नाही. रागाला आलेला माणूस म्हणजे उतारावरची गाडी. शालन खाली दोन्ही हात पोटावर धरून होती आणि त्याचा पाय परत मागं गेला.

खुंटे ठोकायची मोगरी माझ्या बाजूला पडली होती. बाभळीची, जुनी, चांगली जड. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि खालनं फिरवली. घोट्यावर बसली. ओली काटकी मोडावी तसा आवाज आला आणि दगडू खाली बसला. मी परत मारली, त्याच जागी. हा दुसरा घाव दगडूसाठी नव्हता. तो आबासाठी होता, आणि आबा सात वर्षांपूर्वी मेला होता, मग कुणाला मारू? दगडू लहानपणी ओरडायचा तसा ओरडत होता, "आक्का, आक्का."

मग मी आईकडं वळले. मोगरी हातात होती.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मंग मी प्याले म्हनून कुनी सांगितलं लोकास्नी? आबानं?"

ती ठकूच्या कपाळावरचा पदर घडी बदलून परत दाबत बसली. मी परत विचारलं. मग म्हणाली, "मी."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही.

"बाया बघाय आल्या हुत्या. माजी कंबर काळीनिळी. येकीनं इचारलं, असं कसं गं झालं. दारात तुजा बा बसलेला. मी काय सांगू? तू माज्या कडंला हुतीस, पदर वढत. तोंडातनं गेलं, ही पिती अजून. येकदाच बोलले मी, सुंद्रे. फुडचं बायाच बोलल्या."

"येकतीस वरसं, आये."

"तुला काय कुनी लाथ मारनार न्हवतं," ती म्हणाली. "पोर हाय, लोक इसरतील, म्हनलं."

मोगरी माझ्या हातातनं गळून पडली, असं सांगायला मला आवडलं असतं. नाही पडली. मी ती डोक्यावर उचलली होती, आईच्या डोक्यापासून दीड हातावर. तिनं ते ऐकलं असेल, कारण तिनं ठकूला छातीखाली घेतलं आणि मान वाकवली. सवय असल्यासारखी. ती वाकलेली मान बघितली आणि मी तिथनं बाजूला झाले. गव्हाणीच्या दगडावर मोगरी हाणत सुटले. दांडा मोडला तरी हाणत होते. म्हशी दावी तोडायला बघत होत्या.

थांबले तेव्हा शालन उठून बसली होती. ओठ फुटलेला, एक डोळा मिटत चाललेला. तिनं चोळीतनं एक मोडका काटा ओढून काढला, मग दुसरा. आईच्या मांडीवरनं ठकूला घेतलं, भिंतीला टेकून बसली आणि दुसऱ्या बाजूचा पदर सारला. "ये," म्हणाली. "ये बाय. काय न्हाई आता. पी."

ठकूनं शालनकडं बघितलं. मग दोन्ही तळहात स्वतःच्या तोंडावर धरले आणि मान फिरवली.

शालननं परत बोलावलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ठकू तिच्या मांडीवरनं उतरली आणि बाजेखाली जाऊन बसली.

माझ्या हाताला गुण आहे म्हणायचे ना. रेडकू तुटायला दोन दिवस लागतात, ही अर्ध्या तासात तुटली. त्यानंतर ठकू कधीच आईच्या अंगाला लागली नाही. शालनला ताप भरला, जखमा चिघळल्या, दोन्ही बाजूंना दुधाच्या गाठी झाल्या. ती पदर सारून पोरीला हाका मारायची आणि पोर लांब उभी राहून बघायची. मी ते रोज बघितलंय.

तालुक्याला डॉक्टरकडं मीच नेलं सगळ्यांना, शेजाऱ्याच्या जीपमधनं. दगडूला काय झालं विचारलं, तर तो स्वतःच म्हणाला, म्हशीनं पाय दिला. शालन म्हणाली, मी मधी सोडवाय गेले. ठकूच्या कपाळाला पाच टाके घालताना डॉक्टरनं विचारलं, ही कुठं पडली? शालननं खाली बघितलं. ढकलणारा हात तिचा होता. मी म्हणाले, गव्हानीवर पडली डाक्टर, लई वांड हाय, रेडकासारखी उड्या मारती. डॉक्टर हसला आणि ठकूच्या गालाला हात लावून म्हणाला, उड्या मारायच्या नाहीत हं. ठकूनं मान हलवली.

ठकू जगली. कशी जगली ते आम्हाला माहीत. शालन बोटावर घेऊन ज्वारीची आंबील चाटवायची, मी खालच्या आळीतनं शेळीचं दूध आणायची, आणि दोघी एकमेकींशी न बोलता वाटी पुढं सरकवायचो. श्रावणाच्या शेवटी तिनं पहिल्यांदा स्वतः भाकरीचा पापुद्रा मागितला. शालन चुलीपुढं बसून ढसाढसा रडली. मग पितृपंधरवड्यात बाळंत झाली. पोरगा, पूर्ण दिवसांचा, चांगला ओरडणारा. दगड-धोंडा काही नाव ठेवायचं नाही, असं तिनं बजावलं आणि प्रल्हाद ठेवलं. त्याला पाळण्यात घालताना ठकू माझ्या कडेवर होती. खोलीच्या आत.

दगडूचा पाय वाकडा बसला तो बसलाच. लंगडतो अजून. तो पाय त्यानं परत कुणावर उचलला नाही. हात दोन-चारदा उचलला, तेव्हा मी नुसती जाऊन नव्या मोगरीजवळ उभी राहायची. आई त्यानंतर चार वर्षं होती. मी तिला न्हाऊ घातलं, भरवलं, शेवटचं हागणंमुतणं काढलं. पण तिला आये म्हणून हाक मारली नाही. तिनं दोन वेळा काही बोलायला तोंड उघडलं होतं. मी उठून गेले. आज वाटतं बसायला हवं होतं. तेव्हा नाही वाटलं.

हे सगळं आता उकरून काढायचं कारण म्हणजे ठकू. गेल्या महिन्यात ती माहेरी आली. तीस वर्षांची बाई झालीय, फलटणला दिलीय. मुलगा अडीच वर्षांचा, पुन्हा पाचवा महिना, आणि मुलगा अजून अंगावर. सासू कटकट करते, पण दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलंय की पाज, तब्येत चांगली आहे, काही होत नाही. ठकू म्हणते मी पाजणार. आईवर गेलीय.

छपरी आता पत्र्याची आहे, पण गव्हाण तीच. ठकू प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, शालन सुपात तांदूळ निवडत होती, मी नुसतीच. पोरगं पिऊन झालं आणि गव्हाणीवर चढायला लागलं. एकदा उतरवलं, परत चढलं.

"उतर आधी," ठकूनं दम दिला. मग त्याला जवळ ओढलं आणि कपाळावरचे केस मागं करून तो वण दाखवला. "हे बघ. मी पण अशीच वांड होते. ह्याच दगडावर पडले. कुणाचं ऐकलं नाही की असं होतं. सगळ्यांना केवढा त्रास दिला मी." आणि हसून माझ्याकडं बघत म्हणाली, "हो ना गं आत्या?"

सत्तावीस वर्षं ती हे असंच सांगत आलीय. शाळेत सांगितलं, बघायला आलेल्या पाव्हण्यांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. मी एकदाच बोलले होते, डॉक्टरपुढं. पुढचं सगळे बोलले. आणि मग तीच बोलायला लागली.

शालनचा हात सुपात थांबला. ती माझ्याकडं बघत होती. आम्ही दोघी ह्यावर कधी एक अक्षर बोललो नव्हतो. पोरगं आईच्या कपाळावरच्या वणावर बोट फिरवत होतं.

मी माझा डावा हात पुढं केला, अंगठ्याखालचा वण वर करून, ठकूला दिसेल असा.

"ठके," मी म्हणाले, "तू पडली नव्हतीस."